अंबाड्याचा आकडा

प्रिय ताई,

तुला ताई म्हणावं की सरळ सवत म्हणावं, यावर बराच विचार केला. तू गेल्यावर काही वर्षांनी मी या घरात आले, त्यामुळे आपली गाठ पडली नाही आणि भांडणही झालं नाही. लोकांच्या सवती निदान समोर येऊन भांडतात तरी! तू मात्र खिडकीच्या पडद्यात आहेस, चहाच्या डब्यात आहेस, आणि सगळ्यात जास्त गोठ्याशेजारच्या त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरमध्ये आहेस. आपले 'हे' त्याला रोज पुसतात. बघ, 'आमचे हे' म्हणायचीसुद्धा मला सोय नाही.

तर तो जुना, रॉकेलवर चालणारा ट्रॅक्टर. सुरू केला की इंजिन मधेच उसळायचं, मधेच बसायचं, पुन्हा उसळायचं. मी पंप दुरुस्त करणाऱ्याची लेक. आवाजावरूनच कळलं की गव्हर्नरचं काहीतरी बिघडलंय. इंजिनावर ओझं आलं की इंधन वाढवायचं, उतरलं की आवरायचं, एवढंच त्याचं काम. पण मिस्त्री आला की हे दर वेळी कार्बोरेटर उघडायला लावायचे. स्वच्छ कार्बोरेटर पुन्हा स्वच्छ व्हायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी गव्हर्नरच्या दांडीकडे बोट दाखवलं की म्हणायचे, तिकडे कुणी हात लावायचा नाही.

का, ते नणंदेनं सांगितलं. ऐन नांगरटीत त्या दांडीच्या सांध्यातली पिन पडली, तेव्हा तू म्हणे अंबाड्यातला आकडा काढून तिथे अडकवलास आणि सगळं रान उरकलंस. तो आकडा अजून तिथेच होता. बारीक तार ती, सांध्यात खुळखुळणारच. लोक बायकोचा फोटो जपतात, यांनी बिघाड जपला! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तीन वेळा पडदे बदलायचं बोलले, ते या माणसाला ऐकू गेलं नव्हतं.

परवा हे बहिणीकडे गेले आणि मी पाने-पकड घेऊन बसले. तुझा आकडा काढला. भोक घासून लांबट झालं होतं. वेल्डरकडून ते भरून घेतलं, नव्यानं पाडलं, जाड पिन बसवली, दांडीची लांबी जुळवली. वाकून वाकून माझे केस सुटून डोळ्यांवर येत होते, हात तेलानं बरबटलेले. हाताशी होता तोच आकडा अंबाड्यात खोचला. तुझा होता हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. इंजिन चालू केलं. वेग वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. एकदाही उसळलं नाही. मी एकटीच हसले.

तेवढ्यात हे फाटकात आले आणि आवाज ऐकून तिथेच थबकले. मग तरातरा येऊन दांडीपाशी वाकले. नवी पिन पाहिली आणि चेहरा उतरला. मी पदर खोचून तयार होते. इतक्या वर्षांची उत्तरं तोंडाशी आली होती. मग त्यांची नजर माझ्या केसांवर गेली. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता आकडा उपसून घेणार. तर निसटत आलेला तो आकडा त्यांनी हळूच नीट आत खोचला, 'पडेल' एवढंच म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

ताई, या माणसानं आजवर माझ्या केसांना हात लावला नव्हता. तेवढ्यासाठी मला तुझी वस्तू डोक्यात घालावी लागली. आता रोज सकाळी तोच आकडा खोचते आणि रोज जळते. एकच विचारायचं होतं, म्हणून हे लिहायला बसले. तो हात माझ्या केसांत होता, की तुझ्या? तू त्यांना माझ्याहून जास्त ओळखतेस. पण तुझ्या असेल, तर सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी