दोन टिंबांची प्लेट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सहाच अंगांचा. डावा गुडघा वाकत नाही आणि उजवा अंगठा पट्टीत आहे. अंगठा का, ते पुढे येईल.) भावजींचा दमा, तुझी कंबर आणि तुमच्या जिन्याचा तो हलणारा कठडा, तिघांचीही खुशाली कळव. इकडे सगळे बरे. तुझी भावजयही बरी आहे, असं लेकीकडून समजतं. माझ्याशी ती नऊ दिवस बोललेली नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, "बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." आणि दोघंही ठेवून देतो. अशी नऊ वर्षं गेली. शिवाय फोनवर कंस टाकता येत नाहीत.

तर बातमी अशी, की मी लेथ बनवतो आहे. विकत घेत नाही, बनवतो आहे. मागच्या खोलीत, कचेरीतून आल्यावर, रोज सहा ते साडेआठ. आपल्या अप्पांनी एकतीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभं राहून लोखंड कातण्यात काढली. घरी त्यांच्याकडे कानशी होत्या, पाने होते, ज्यात तुझी वेणी अडकली होती तो वाइस होता. लेथ मात्र नव्हता. जेवताना भिंतीकडे बघत म्हणायचे, "इथे बसला असता." आपल्याला वाटायचं, कुणी पाहुणा. तो बसवायचा असं मी ठरवलं आणि सगळं स्वतः शिकलो. कोणी शिकवलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आधी भट्टी. रंगाचा वीस लिटरचा डबा, आतून चार बोटं जाड भट्टीची माती, खाली हवेसाठी नळी, आणि नळीला लेकीचा केस वाळवायचा ड्रायर. (आता त्यातून केसांवर कोळशाची राख येते, अशी तिची तक्रार आहे. राख बारीक असते, हे ती सांगत नाही.) लेथचा बेड, म्हणजे ज्या लांब बैठकीवर सगळा लेथ उभा राहतो ती, ॲल्युमिनियमची ओतायची होती. लाकडाचा नमुना केला, तो वाळूत दाबून साचा केला. साच्याची वाळू किती ओली असावी याची परीक्षा सोपी आहे: मुठीत दाबून कांडी करायची आणि मोडायची, स्वच्छ तुटली तर बरोबर. माझी तुटली नाही, वाकली. मी म्हटलं, चालेल. ओल्या वाळूवर रस पडला तेव्हा वाळूने "चालणार नाही" असं सांगितलं, आणि अंगठ्याचं ते झालं. दुसऱ्या खेपेला वाळू अचूक होती, पण धातू नऊशे ग्रॅम कमी पडत होता. गॅरेजवाल्याने दिलेले जुने पिस्टन संपले होते, मूस लालबुंद, रस तयार, थांबायला सवड नाही. अशा वेळी माणसाची नजर घरभर फिरते. न्हाणीघरात ॲल्युमिनियमचं एक पातेलं होतं, दोन्ही कान गेलेलं, बुडाला पोचे आलेलं. मला ते टाकलेलं वाटलं. एकवीस वर्षं त्यात आंघोळीचं पाणी तापत होतं हे मला माहीत नव्हतं, कारण मला पाणी नेहमी तापलेलंच मिळालं. तुझ्या भावजयीचं शेवटचं वाक्य होतं, "उद्यापासून लेथवरच तापवा पाणी."

पण बेड सुरेख निघाला, ताई. आता त्याचा माथा सपाट करायचा होता. बेड सपाट नसेल तर लेथ म्हणजे टॉवेल वाळत घालायची दांडी. इथे अप्पांनी टिंबं ठोकून नंबर दिलेल्या बिडाच्या प्लेटा कामाला आल्या. सपाट प्लेटेला निळा रंग फासायचा, ती बेडवर फिरवायची, निळे ठिपके उठतील तेवढाच उंचवटा खरवडायचा, पुन्हा फिरवायची. माझ्याकडच्या दोन प्लेटा, एका टिंबाची अप्पांची आणि तीन टिंबांची माझी, नऊ वर्षांत गंजल्या होत्या. म्हणून ओतकामाच्या आधीच त्या दोन्ही एकमेकींवर घासून, खरवडून ताज्या केल्या होत्या. चार महिने लागले. शेवटी अशा जुळल्या, की वरची उचलली तर खालचीही उचलली जायची. आता त्यातल्या एका टिंबाच्या प्लेटेवरून, कचेरीला रजा टाकून, चार दिवसांत बेड केला. हेही कोणी शिकवलं नाही.

त्या आनंदात मी शेजारच्या रिटायर फिटरना बोलावलं. गल्लीत त्यांना सगळे सूतभर म्हणतात, कारण कुणाच्याही कशातही ते सूतभर चूक काढतात. त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी काढली, बेडवर आडवी ठेवली आणि डोळा लावला. मधून उजेड दिसत होता. टोकांना कागद अडकला, मध्ये सरकन गेला.

"साहेब, बेड आहे की पाळणा?"

मी म्हटलं, पट्टी वाकडी असेल. ते म्हणाले, "पट्टीला चाळीस वर्षं झाली. तुमच्या बेडला चार दिवस." मग माझ्या दोन्ही प्लेटांवर पट्टी ठेवून पाहिली. एकीला पोट आलं होतं, दुसरीला तेवढाच खळगा पडला होता. "तिसरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मला अप्पा ऐकू आले. आठवतंय? जुन्या घराच्या मागच्या खोलीत आपण तिघं तीन प्लेटा घेऊन बसायचो, नाकापर्यंत निळे. एकवर दोन, दोनवर तीन, तीनवर पुन्हा एक. मी विचारलं होतं, दोनच का नकोत? तेव्हा ते म्हणाले होते, "दोघं एकमेकांना मिळून खोटी होऊ शकतात. तिसरा आला की उघडं पडतं." मला ते पाठ होतं. पाठ असून मी चार महिने दोघींना एकमेकींवर घासत बसलो.

तुझी प्लेट पहिल्यांदा त्यांच्या प्लेटेला चिकटून वर आली, त्या दिवशी ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. मी रुसून बसलो होतो, माझी चिकटली नाही म्हणून.

पत्र लांबलं. भावजींना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (हे नव्याने)
धाकटा भाऊ,
ढब्बू

ता. क. दोन टिंबांची प्लेट तू दाराला लावतेस, असं मागे भाची म्हणाली. ती हवी आहे. पार्सलने पाठवू नकोस, कोपरे उडतात. वजन चौदा किलो दोनशे. मांडीवर घेऊन येता येईल. अप्पा गेल्यावर जुनं घर रिकामं केलं त्या दिवशी तू गाडीत तशीच घेऊन गेलीस.

ता. क. दुसरा. वर दोन ठिकाणी "कोणी शिकवलं नाही" लिहिलं आहे. ते वाचू नकोस. माझं मनगट धरून, "उकरू नकोस रे ढब्ब्या, साल काढ नुसती," असं जे कोणी सांगायचं, ते अप्पा नव्हते. मी अजून उकरतोच. तेव्हा प्लेटेबरोबर तूही लागशील, निदान तीन आठवडे.

ता. क. तिसरा. आत्ता तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि दहाव्या दिवशी तोंड उघडलं: "एवढं रामायण लिहिलंत, ते एक वाक्य कुठंय?" ते वाक्य असं. "तुला काय करायचंय लोखंड?" असं मी घर रिकामं केलं त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणालो, ते चुकलं.

तुझं दार आपटेल म्हणून सोबत एक पाचर पाठवतो आहे. बेडातून उरलेल्या रसाची आहे, म्हणजे त्यात पातेलंही आहे. खाली दोन टिंबं ठोकली आहेत. एका बाजूने किंचित पोकळ आहे, मला माहीत आहे; आल्यावर बोल. पाणी तापवायला नवं पातेलं आणलं आहे.