दिवा लावला की गोळी

सोमवार, १० जानेवारी २०११
सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आक्काच्या गोळ्या मोजत होतो. पाकिटात नऊ उरायला हव्या होत्या, नऊच निघाल्या. पाकीट देव्हाऱ्यात परत ठेवले, मग चहा घेतला. आई म्हणाली, कुणी देवाचे नाव घेतानासुद्धा एवढं मोजत नसेल.

म्हणू दे. दीड वर्षापूर्वी आक्काच्या हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज – जन्मभर. सासरच्यांनी आजारी म्हणून इथे माहेरी, हर्सूलला आणून सोडली, ती सोडलीच. आता तिला आम्हीच.

दवाखान्यातली ही नोकरीही तिच्यामुळेच. डॉक्टरांनी माझे अक्षर पाहिले, दहावी नापास असूनही ठेवून घेतले. काम एकच. ज्यांची झडप बदलली त्यांना दर महिन्याला फोन. दम लागतो का, गोळी चालू आहे का, तपासणीत रक्ताचा आकडा किती आला – ते नावापुढे लिहायचे. आकडा अडीच ते साडेतीन हवा. खाली गेला की गुठळी. वर गेला की रक्त थांबत नाही.

आज पाचोडकडची कस्तुराबाई तपासणीला आली होती. धनगर वस्तीवरची, वय सव्वीस. आकडा एक पूर्णांक तीन! गोळी रोज घेते म्हणाली, खाली बघून. डॉक्टरांनी गोळी वाढवली. खोलीत शांत झाले की तिच्या छातीतली टिकटिक माझ्या टेबलापर्यंत येते. ती हसून म्हणाली, "वस्तीवरची पोरं म्हणत्यात, काकीनं घड्याळ गिळलंय."

बुधवार, १२ जानेवारी
जालन्याकडच्या एका बाईंना फोन लावला. दिराने उचलला. वारली म्हणाला, आठ दिवस झाले. झडपेवर गुठळी. मागच्या महिन्यात मी तिच्यापुढे लिहिले आहे – "बरी आहे. गोळी चालू."

दिवाळीपासूनची ही चौथी. चारही बायका. पुरुषांत एकही नाही. का?

सोमवार, १७ जानेवारी
आज आक्काची तपासणी होती. नको म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाऊ. तारीख नेहमी तीच ठरवते. वाद घातला नाही, तिला दम लागतो.

आज पाकीट दोनदा मोजले. बरोबर.

गुरुवार, २७ जानेवारी
आक्काला घेऊन गेलो. दोन पूर्णांक नऊ! तपासणीच्या खोलीतले करीमभाई म्हणाले, "मियाँ, तुम्हारी आपा का नंबर हमेशा फर्स्ट क्लास." मला फार बरे वाटले. इतके बरे वाटणेही चांगले नाही.

कस्तुराबाईही आली होती. आज आकडा चार पूर्णांक आठ. एवढा खाली, मग एवढा वर. डॉक्टर चिडले, गोळी तेवढीच ठेवली. त्यांचे म्हणणे, ही मनाला येईल तेव्हा गोळी खाते आणि आपल्याला खोटे सांगते. मला तसे लिहायला सांगितले. मी लिहिले.

नंतर तिला बाजूला घेऊन सांगितले की माझ्या बहिणीला बघा, एक गोळी चुकत नाही. मी घरी सोडताना सगळ्यांना सांगतो तेच पुन्हा सांगितले – पाकीट देव्हाऱ्यात ठेवायचे, दिवा लावला की गोळी घ्यायची. देवाजवळ असले म्हणजे पोरे हात लावत नाहीत, आणि दिव्याचा विसर कुणाला पडत नाही. ही युक्ती माझी. डॉक्टरांनाही आवडली होती. कस्तुराबाई म्हणाली, "तुमी सांगितल्यापास्नं देवाजवळच हाय की ओ पाकीट."

मी औषधाच्या रांगेत होतो तेव्हा ती आणि आक्का एका बाकावर बसल्या होत्या. डोक्याला डोके लावून बोलणे चालले होते. मी जवळ गेलो तशा दोघी गप्प झाल्या. आक्काला विचारले तर म्हणाली, "मेंढरांचं सांगत होती."

शुक्रवार, ४ फेब्रुवारी
कस्तुराबाईचा नवरा सूर्यभान मेंढरे घेऊन पैठणच्या बाजूला आहे. फोन त्याच्याकडेच असतो. "बरी हाय, गोळी चालू हाय." त्याला काय माहीत? तो दहा दिवस घरी नाही.

मी तरी सगळ्यांचे असेच लिहितो आहे! फोन कुणाचा, तब्येत कुणाची.

डॉक्टरांना विचारले, घरी जाऊन बघू का. जा म्हणाले.

सोमवार, ७ फेब्रुवारी
पाचोडला उतरून वस्तीपर्यंत चालत गेलो.

कस्तुराबाई घरात नव्हती. अंगणाच्या कडेला, बाभळीखाली गोणपाटावर बसलेली. ताट वेगळे, तांब्या वेगळा. मला बघून पदर ओढून उठायला लागली आणि तेवढ्यानेच धाप लागली. तिची सासू बानाबाई बाहेर आल्या, गूळपाणी दिले. गोळ्या दाखवा म्हटले तर त्यांनी देव्हारा दाखवला. पाकीट खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदकुंकू वाहिलेले. मोजले. वाढवलेल्या हिशेबाने चार दिवसांच्या जास्त होत्या.

विचारले, चार दिवस दिली नाही का?

बानाबाई दुसरीकडे बघून म्हणाल्या, "ती बाजूला बसलीय. देवाजवळची वस्तू विटाळात तोंडात घालू का तिच्या? पाप तुम्ही घेता व्हय?"

मी म्हणालो, गोळी देवाची नाही हो, दवाखान्याची आहे.

"मग देवाजवळ ठिवा असं कोण म्हणलं हुतं?"



दर महिन्याला चार दिवस. म्हणून आकडा खाली जात होता. तो बघून आम्ही गोळी वाढवत होतो. मग बाकीच्या दिवसांत आकडा वर, आणि पुढच्या वेळी अंगावरून आणखी जायचे. म्हणजे चार दिवसांचे पाच. तिने कुणाला सांगायचे? सासऱ्याला? मला? मी काय विचारतो – "गोळी चालू आहे का?" चालू होतीच की!

पाकीट उचलून दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवले. कस्तुराबाईने गोळी माझ्या हातून घेतली. आजच माझ्याबरोबर चला म्हणालो. सासरे कडूबा म्हणाले, या दिवसांत परक्या माणसासंगं एस.टी.त कशी धाडू, सूर्यभान परवा येतोय, तो आणील. मी आणखी बोलायला हवे होते. आलो निघून.

डॉक्टरांना फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले, "हे आपल्याला कुणी शिकवलं नाही रे."

बुधवार, ९ फेब्रुवारी
सकाळी सूर्यभानचा फोन. "साहेब, तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येईना."

जीपमधून आणली. ओठ निळे. डॉक्टरांनी कान लावला आणि माझ्याकडे बघितले. झडप अडकली आहे. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन चालू केले. सूर्यभान बाहेर पायरीवर बसून आहे. अंगाला अजून मेंढरांचा वास. मला म्हणाला, झोप नाय लागली की मी ती टिकटिकच ऐकत पडायचो.

गुरुवार, १० फेब्रुवारी
कस्तुराबाई दुपारी गेली.

तिच्या नावापुढे मीच लिहिलेले "खोटे सांगते" खोडले. खोडले तरी वाचता येते.

शनिवार, १२ फेब्रुवारी
काल आणि आज मिळून सतरा बायकांना फोन केले. सगळीकडे तेच. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. चुकून बाई आलीच तर "व्हय, चालू हाय". पुढचे विचारायला माझी जीभ वळत नाही. पैठणच्या एकीला कसेबसे विचारले – त्या चार दिवसांत घेता का? तिने फोन ठेवला.

दवाखान्यातल्या आशाबाई सिस्टर विचारू शकल्या असत्या, पण त्या रजेवर आहेत. मग सुचले – आक्का! आक्काचीही झडप बदललेली. ती बायकांना विचारील, त्या तिला सांगतील. आमच्या घरी तर सगळे चोख, ती स्वतःचेच उदाहरण देऊ शकेल. उद्या बोलतो.

रविवार, १३ फेब्रुवारी
आक्काला सांगितले. ती मागच्या ओट्यावर बसली होती. ऐकून घेतले. मग आईला म्हणाली, करंडा आण.

आईने देव्हाऱ्यामागून कुंकवाचा जुना पितळी करंडा काढला. आत गोळ्या. सुट्या, पांढऱ्या, कुंकवाने लाल झालेल्या.

त्या दिवसांत आई रोज पाकिटातून एक गोळी काढायची आणि यात टाकायची. देवाजवळची, म्हणून फेकता येईना. तळ्यात सोडायच्या होत्या.

आक्का म्हणाली, "पहिल्या महिन्यात खाल्ली होती रे. रातीत अंगावरनं लई गेलं. आई म्हणली, देवानं दाखवलं. अन् तू मोजायचास. एक जास्त निघाली की जेवत नव्हतास. तपासणीबी मी त्या दिवसांपासून लांबच ठेवायची."

कस्तुराबाईने बाकावर तिला सगळे सांगितले होते. आक्का तिला म्हणाली होती, माझंबी तसंच हाय, मला काय झालंय?

करंड्यात निघाल्या – एकाहत्तर. आज आक्काचा चौथा दिवस. आजची गोळी माझ्यासमोर घेतली. उद्या सकाळी रक्त देणार, तारीख मी ठरवली. तिची टिकटिक ऐकू येते आहे. माझ्या हिशेबात बाकी – एकाहत्तर.