बाटली क्रमांक सतरा

मी, संयोगिता नाथाजी थोरात, वय ६९, राहणार सोमवार पेठ, कराड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेलं नाही. अक्षर कापरं दिसेल. तो हाताचा दोष आहे, मनाचा नाही. गेल्या वर्षी मला विसरण्याचा आजार सुरू झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा त्यांचाच आजच्या तारखेचा दाखला सोबत जोडला आहे. सातवं कलम वाचताना तो दाखला जवळ ठेवावा.

१. राहतं घर माझा मुलगा शिवतेज आणि मुलगी क्रांती यांना निम्मं निम्मं. विकायचं असेल तर विकावं. परसातला कढीपत्ता तेवढा नव्या मालकाला दाखवून द्यावा, तो भिंतीआड आहे.

२. बँकेतली ठेव दोघांत सारखी. दागिन्यांची यादी क्रांतीजवळ आहे. त्या यादीत एक अंगठी नाही. तिच्याबद्दल पुढे.

३. माझ्या जाऊबाई विजयमाला यांनी १९८८ साली नेलेला काशाचा थाळा त्यांच्याकडेच राहू द्यावा. त्यांनी त्यात लिंबाचं लोणचं मुरवलं. काशाच्या भांड्यात आंबट घालू नये, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटवालीनं आता आम्हाला लोणचं शिकवावं!" मी त्यांना माफ केलं आहे. थाळ्याने केलं असेल असं वाटत नाही.

४. मागच्या खोलीतल्या प्रयोगशाळेविषयी थोडं सांगायला हवं. माझे वडील सैन्यात होते. बदल्या सतत व्हायच्या, म्हणून मला पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. तिथल्या सिस्टर बर्नडेट आम्हाला रसायन शिकवायच्या. 'आधी चिठ्ठी लावा, मग बाटली भरा', हा त्यांचा नियम. चिठ्ठी खोटी असेल तर मीठसुद्धा विष समजावं, असं त्या म्हणायच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि बी.एस्सी. अर्धवट राहिलं. लग्नाआधी पाचगणीला निरोप घ्यायला गेले तेव्हा सिस्टरनी मला पितळी तराजू दिला. हे कोयनानगरला धरणावर इंजिनिअर होते. तिथल्या क्वार्टरच्या न्हाणीघरात मी सहा बाटल्यांनी सुरुवात केली. कराडला आलो तेव्हा चाळीस झाल्या होत्या. पाटणच्या रस्त्याने त्या सगळ्या मी साड्यांत गुंडाळून मांडीवर आणल्या. हे गाडी चालवताना म्हणाले, "बायका माहेरचं देवघर आणतात, आमच्या बाईसाहेब मोरचूद आणतात." पण म्हणाले ते हसून.

पितळी तराजू वजनांसकट नात शिवांजलीला द्यावा. ती काही वजन करणार नाही, हे मला माहीत आहे. तरी द्यावा.

५. ॲसिडच्या तीन बाटल्या, शिसं, गंधक आणि सोरा कॉलेजच्या रसायन विभागात विचारून तिथे द्यावेत. मोरीत ओतू नयेत. तुरटी, टाकणखार आणि धुण्याचा सोडा घरात वापरावा. तांदळाच्या जुन्या बरणीत तळाशी एक छोटी कुपी आहे. तिच्यात पारा आहे. ती उघडू नये.

६. बाकीची भांडी, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, वह्या आणि सगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या माधवनगर, जि. सांगली इथे राहणाऱ्या अल्फिया निजाम शिकलगार हिला द्याव्यात. लग्नानंतरचं तिचं आडनाव मला कधी विचारता आलं नाही. बाटल्यांवरच्या निम्म्या चिठ्ठ्या तिच्याच अक्षरात आहेत, त्यामुळे त्या तशाही तिच्याच आहेत.

७. आता ती अंगठी.

निजामभाई शिकलगार आमच्या गल्लीत कल्हई करायला यायचे. अंगणात खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. भांडं लालसर तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा आणि कथिलाचा थेंब कापसाच्या बोळ्याने आत फिरवला की काळं पितळ चांदीसारखं व्हायचं. मी त्यांच्याकडे थोडा नवसागर मागितला तेव्हा ते म्हणाले, "लोणचं घालता का काय, वहिनी?" मी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. म्हणाले, "नाव लय मोठं, धूर तेवढाच." त्यांनी मला नवसागरही दिला आणि कथिलाचे तुकडेही. पुढे त्यांची तेरा वर्षांची मुलगी अल्फिया दर शनिवारी प्रयोग बघायला माझ्याकडे येऊ लागली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार होतं. तिच्या वडिलांच्या कथिलासाठी तिने स्वतः चिठ्ठी लिहिली: क्रमांक १७, कथील.

शिवतेज लहानपणी तळहातावर पारा खेळवताना सापडला होता. तेव्हापासून ह्यांनी बजावलं होतं, की पारा पुन्हा घरात दिसला तर अख्खी खोली रिकामी करीन. मी टाकला म्हणून सांगितलं, पण टाकला नव्हता.

१९९४ च्या मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी तो बशीत ओतून पाहत होते. अंगठी काढायला विसरले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नात घातलेली सोन्याची अंगठी. पाऱ्याचा स्पर्श झाला आणि बघता बघता ती पांढरी पडली. सोनं पाऱ्याला धरतं, हे मला शाळेपासून माहीत होतं. मी पारा लपवला, अंगठी पुसून फळीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात अल्फिया आली आणि नेहमीसारखी बाटल्या पुसू लागली. आत्याबाई काही मागायला खोलीत आल्या. अंगठी त्यांनी घडणीवरून ओळखली, पण रंग बघून किंचाळल्या, "कथलाची हाय ही! कल्हईवाल्याची पोर! सोनं नेलं आन् तसलीच करून ठेवली!"

हे आले, शेजारचे आले. अल्फिया माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमीच सांगा की."

'पारा' हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं मिटलं असतं. खोली मात्र गेली असती. मी म्हणाले, "लहान आहे ती. माफ करा. पोलीस नकोत."

मुलांनो, मी 'माफ करा' म्हणाले. तिने काही केलेलंच नव्हतं.

संध्याकाळी निजामभाईंनी आमच्या अंगणात तिचं दप्तर उलटं केलं. एक पट्टी, दोन वह्या, भाकरीचं फडकं. मग सगळ्यांसमोर तिला मारलं. दहावीनंतर तिचं लग्न झालं. आत्याबाईंनी कचऱ्यात टाकलेली अंगठी मी उचलून आणली, सतरा नंबरच्या बाटलीतलं कथील काढलं आणि अंगठी त्यात ठेवली. चिठ्ठी बदलली नाही. माझ्या सगळ्या बाटल्यांत तेवढी एकच चिठ्ठी खोटी आहे, आणि तिच्यावरचं अक्षर अल्फियाचं आहे.

आपल्या घरात अजूनही रिमोट सापडला नाही की कुणीतरी म्हणतं, "अल्फियानं नेला." नातवंडांना तर ती कोण हेही ठाऊक नाही. दर वेळी मी ताटाकडे बघत बसते.

पाचगणीला ख्रिस्ती मुली कन्फेशनला आत जायच्या तेव्हा आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसायचो. बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसायचे. मला हेवा वाटायचा. अजून मी त्याच बाकावर बसले आहे, असं वाटतं. हे गेल्यावर एकदा अंगठी पर्समध्ये घालून एसटीने सांगलीला गेले आणि पुढे रिक्षाने माधवनगरला. अल्फिया आता कपडे शिवते. तिने खुर्ची पुसली, चहा दिला. म्हणाली, "बाई, अजून प्रयोग करता का वो? मला कुठं नवसागराचा वास आला की तुमची खोली आठवती." मी चहा प्यायले आणि परत आले.

गेल्या दिवाळीत शिवतेजला सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "मम्मी, तुझा गोंधळ होतोय." क्रांती म्हणाली, "गोळी घेतलीस का?" दोघांनी प्रेमानेच मागच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली शिवतेजकडे आहे. जितकी वर्षं मला सांगता येत होतं तितकी वर्षं मी गप्प बसले, आणि आता सांगते तर तो आजार ठरतो.

म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. सतरा नंबरची बाटली सराफाकडे न्या, आत पारा आहे हे त्याला आधी सांगा आणि अंगठी उघड्यावर, धुरापासून लांब उभं राहून तापवून घ्या. पारा उडून जाईल आणि खाली सोनं दिसेल. ते अल्फियाला द्या. देताना हे कलम मोठ्याने वाचा, तिच्यासमोर आणि तिच्या वडिलांसमोर. अशी अट घालता येते का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "काकू, कायद्याने घराचा ताबा देता येतो. कुणाला माफी मागायला लावता येत नाही." तेव्हा ही अट नाही. तुमच्या आईची विनंती आहे.

८. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं त्याची साक्ष घेऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून अल्फियाची सही घेतलेली नाही. साक्षीदार म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावलं आहे. सही करण्याआधी ते हे वाचतील, अशी माझी इच्छा आहे.

ठिकाण : कराड, जि. सातारा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

संयोगिता नाथाजी थोरात (सही)

साक्षीदार
१. निजाम दस्तगीर शिकलगार, कराड (सही)
२. ॲड. कृष्णात मोहिते, कराड (सही)

टीप : हे साक्षीदार गेल्यावर लिहीत आहे. सह्यांखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, हे मला माहीत आहे.

वकिलांनी विचारलं, "चाचा, वाचून बघताय का?" निजामभाई म्हणाले, "मोतीबिंदू झालाय, सायेब. आन् वहिनींनी लिवलंय म्हंजे खरंच असणार." मी म्हणाले, "निजामभाई, सातवं कलम मी वाचून दाखवते." ते अक्षर जोडत सही करत होते. मान वर न करता म्हणाले, "नगं, वहिनी. त्या दिशी तुमी माझ्या पोरीला पोलिसात दिलं न्हाईसा. त्ये उपकार मी मरंपतुर इसरणार न्हाई. तुमच्या कागदाला माझी साक्ष कवाबी हाय."

मी कागद हातात धरून उभी होते. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं.

जाताना त्यांना ओट्यावरचं पितळी पातेलं दिसलं. "कल्हई गेली की हिची. द्या हिकडं, उद्या करून आणतो. घरी थोडा नवसागर हाय अजून."

मी पातेलं घासलं, पुसलं आणि त्यांच्या पिशवीत ठेवलं.

सं. ना. थोरात
१४ नोव्हेंबर, संध्याकाळ