पाठोपाठ काढलेला केर

१३ डिसेंबर, शनिवार
कराडहून अबूधाबीत येऊन चार दिवस झाले, आणि आजपासून रीम आयलंडवरचा हा अख्खा फ्लॅट माझ्या ताब्यात! शैलेंद्रकाका, मृणालिनीकाकू आणि त्यांची शुभ्रा सुट्टीसाठी रोमला गेले. पुढच्या शनिवारी परततील. माझी नोकरी त्यानंतर सुरू होणार. तोवर झाडांना पाणी घालायचं, एवढंच काम. निघताना काका इथल्या अरबांसारखं ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला चला, करत बॅगा ओढत होते. शुभ्राने बजावलं, दादा, डोन्ट टच माय पझल. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीतच.

दारापासून लिफ्टपर्यंत बुटांची धूळ आणि बिस्किटांचा चुरा पडला होता. मला घाण बघवत नाही. ते लिफ्टमध्ये शिरतात न शिरतात तोच मी झाडू घेतला. काकू म्हणाल्या, सुदेश, आत्ता नको रे, आणि दार मिटलं. मला काम पडतं म्हणून संकोच वाटला असेल. केर पिशवीत बांधून कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट खालच्या खोलीत जाणाऱ्या नळीत, टाकला. घर लख्ख झालं.

१४ डिसेंबर, रविवार
कोलोसियमचे फोटो आले. एवढं थोरलं बांधकाम, निम्मं ढासळलेलं, तरी बघत राहावं असं. फोनवर काका म्हणाले, दोन हजार वर्षांचं स्टेडियम आहे, सांग तुझ्या वानखेडेला. काकूंनी हसत सांगितलं की नाश्त्याला त्यांना कोणी विचारलंच नाही, वेटर सरळ समोरून निघून जायचा. त्यावर काका म्हणाले, घरी मी रोज हेच सोसतो.

१५ डिसेंबर, सोमवार
आज रोमन फोरमचे फोटो. जुने उंच खांब. शुभ्राच्या लाल जॅकेटातून मागच्या खांबाच्या खाचा दिसतात. फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मोबाइलचा दोष असावा.
काकू आज हसल्या नाहीत. टॅक्सी थांबत नाही, म्हणाल्या. हॉटेलवाल्याने त्यांची खोली दुसऱ्यांना दिली. काका समोर उभे राहून ओरडले, तरी त्याने मान वर केली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने विचारलं, ती माणसं निघाल्यावर लगेच केर काढलास का? हो म्हटलं. ती ओरडली, अरे मेल्या, घरातून प्रेत नेल्यावर पाठोपाठ केर काढतात! जित्या माणसाची पावलं पुसायची नसतात, परतीची वाट बुजते. उपाय विचारला. तिला ठाऊक नाही. रडायला लागली.
खाली कचऱ्याच्या खोलीकडे धावलो. पिशव्या शनिवारीच उचलल्या होत्या. वॉचमन म्हणाला, खलास, भाई.

१७ डिसेंबर, बुधवार
फोटो आला. नुसती दगडी कमान. माणूस नाही. खाली काकूंनी लिहिलं आहे, आम्ही तिघं, कसे दिसतोय?
हॉलच्या भिंतीवर त्यांचा सोफ्यावर बसलेला फोटो होता. आता त्यात नुसता सोफा आहे.

१८ डिसेंबर
शुभ्राचा फोन. रडत होती, इंग्रजीत. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी तीच कमान येते. रस्त्यावरचं कोणी त्यांच्याकडे बघत नाही, पण कमानीखालचे बघतात. खूप आहेत. खूप जुने. त्यांनाही घरी जायचं आहे. ते तिला विचारतात, तुझं घर कुठे?
सांगू नकोस म्हटलं.
ती म्हणाली, आय ऑलरेडी टोल्ड देम.

१९ डिसेंबर
झाडूच्या काड्यांत शुभ्राचा एक केस सापडला, थोडा चुरा. दारात ठेवला, उंबरा असतो त्या जागी. काका या, काकू या, शुभ्रा ये, असं मोठ्याने म्हटलं. मग धास्ती वाटली, कोणी मागे राहायला नको. म्हणून पुन्हा म्हटलं — तिथे आहात ते सगळे घरी या.

२० डिसेंबर
दुपार. बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, बाहेर कोणी नाही. शुभ्राचा आवाज — दादा, दार उघड. मराठीत. स्वच्छ मराठीत.
उघडलं नाही —
दाराखालून धूळ येते आहे. विटकरी. फरशीवर पावलं उमटतात. काकांचे बूट, काकूंच्या चपला, शुभ्राची छोटी — त्यांच्यामागे अनवाणी — कितीतरी —
झाडू काखेत आहे. झाडलं तर सगळी पुसतील. पण ती तिघंही —
छोटी पावलं माझ्यासमोर थांबली. अनवाणी त्यांच्या पुढे येतात —
झाडू उचलला. काकूंचा आवाज, अगदी कानाशी. सुदेश, आत्ता नको रे, आम्ही सगळे —