आईच्या उपासांबद्दल

ती. आबांस,

आम्ही बाजाराला नाही, उंब्रजच्या डॉक्टरीणबाईंकडं चाललोय. भाकरी दुरडीत आहे.

आईचे उपास तुमच्या पलटणीसाठी नाहीत, आबा. तुम्ही पारावर कौतुक सांगता तेव्हा ती आत रडते. तिच्या गुदाशयाला आतून सूज आलीय. दिवसातनं दहादा कळ येते, रक्त पडतं. उजेडी बाईमाणसानं ओढ्याकडं जायचं कसं? म्हणून ती जेवतच नाही.

मूळव्याध समजून चार महिने वैदूच्या पुड्या खाल्ल्या. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाची पिचकारी खालून रोज घ्यायची, मऊ भात खायचा, उपाशी राहायचं नाही. मी नववीच्या वहीत आकृती काढून तिला सगळं समजावलं. तर म्हणते, "कळलं गं बये, पर जाऊ कुटं?"

तुम्हाला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. ती मी आत्ता मोडली.

तुमची रजा अजून नऊ दिवस आहे. पलटणीत खंदक खणता, तसा गोठ्यामागं संडासाचा खड्डा घ्या. आम्ही दुपारच्या एसटीनं येऊ. तिला काही विचारू नका, नुसतं खणत राहा.

तुमची,
शालन