बातमीत न आलेलं पाणी

७ एप्रिल, नगर
आज सकाळी गीर्वाणवाणीची हत्या झाली. स्थळ: पान चार. आरोपी: उपसंपादक. राहुरीच्या सलीमभाईंच्या शेततळ्यातले अंगावर लाल चट्टे आलेले मासे कडुनिंब-लसणाच्या काढ्याने बरे झाले, ही माझी बातमी छापली. शेवटचा श्लोक मात्र कापून तिथे पंख्याची जाहिरात. हिला तक्रार सांगितली. म्हणाली, "श्लोक माशांना चोळायचा होता का?"

९ एप्रिल
खर्ड्याहून फोन. कुणी शोभाताई, कचेरीतून नंबर मिळवला. त्यांच्याही शेततळ्यात रोहूच्या अंगावर तेच लाल चट्टे, जखमा. "भाऊ, तुमची बातमी वाचली अन् डॉक्टरांचं औषध थांबवलं. काढाच कालवते खाद्यात." दिवसभर स्वतःला वैद्यराज समजत हिंडलो.

११ एप्रिल
पुन्हा शोभाताई. काल सात मेले, आज तीस. "आजारी मासा खाद्याला तोंडच लावत न्हाई. मग काढा पोटात जायचा कसा?"
हे मी सलीमभाईंना विचारायला हवं होतं. लगेच लावला फोन. ते हसले. "शास्त्रीबुवा, काढा दिला तवाच अर्धं तळं उपसून बोअरचं ताजं पाणी भरत हुतो की. मोटरीच्या आवाजानं तुमचं रेकॉर्डिंग बिघडाय लागलं, तर तुमीच बंद करायला लावली."
लावली होती.
"मग गुण कशाचा?"
"अल्ला जाने. दोन्हीचा बी असंल."

१२ एप्रिल
शोभाताईंना सगळं सांगितलं. डॉक्टरांना बोलवा, पाणी बदला.
"पानी? भाऊ, हितं प्यायला टँकर येतो."
लगेच पुढे, "मंग बातमीत का न्हाई लिहिलं?"
"राहून गेलं," म्हणालो.
खुलासा लिहून पाठवला. उपसंपादक: "बघू, जागा झाली तर."

१३ एप्रिल
डॉक्टर नमुना घेऊन गेले. मला फोनवर एवढंच: "काढ्यात गुण असेलही. पण किती, कोणत्या रोगावर, कुणी तपासलंय?" आज मेलेले किती, ते शोभाताईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हिने जेवायला दोनदा हाक मारली.
राहून गेलं नव्हतं. पाणी मला दिसलं होतं. ते घातलं असतं तर बातमी फिकी झाली असती, म्हणून गाळलं. शोभाताईंनी निदान फोन तरी केला. पेपर जिल्हाभर गेलाय. आणखी कुणी कुणी औषध थांबवलं असेल, ते मला कळायला मार्ग नाही. भीती त्याची वाटते.