सुटलेल्या पतंगाचा दृष्टान्त

परममित्र आणि वाचनालयाचे चिटणीस यांस,

कृतानेक नमस्कार. ईश्वरकृपेने येथील सर्व कुशल असून आपल्या गुडघ्यानेही एव्हाना आपल्याशी सलोखा केला असेल, अशी आशा आहे. माझ्या पाठीचे वर्तमान पुढे ओघाने येईलच, कारण त्यास एक पतंग कारणीभूत आहे.

मोहाचा दोर तुटताच जीव सुटलेल्या पतंगाप्रमाणे परब्रह्माकडे झेपावतो, हा माझा दृष्टान्त आपण अनेक वर्षे ऐकत आला आहात (काही वेळा जागेपणी). येत्या शुक्रवारी आपल्या सभागृहात त्यावरच माझे व्याख्यान आहे. घरी त्याची उजळणी चालली असता, शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दोर तुटला की पतंग खाली येतो."

हेच भर सभेत कोणी म्हटले तर आयुष्यभराच्या प्रवचनांवर पाणी पडायचे! तेव्हा प्रत्यक्ष प्रमाणच द्यावे म्हणून मी स्वहस्ते पतंग केला. शेपूट ही निव्वळ आसक्ती, सबब ती वर्ज्य केली. कन्नीचे (म्हणजे पतंगाला दोर जोडण्यासाठी बांधतात त्या धाग्याचे) वरचे आणि खालचे अंग समत्वबुद्धीने अगदी सारखे ठेवले. गच्चीवर नेताच हा स्थितप्रज्ञ भोवऱ्यासारखा गरगरला आणि डोके खाली करून आपटला. पुनःपुन्हा आपटला. त्याला उचलण्यासाठी वाकलो, तो पाठीने तेथेच समाधी घेतली.

मग ही वर आली. अभ्र्याच्या चिंधीची शेपूट लावली, कन्नीचे वरचे अंग आखूड केले आणि मला जे सांगितले त्याचे सार असे: पतंगाने वाऱ्याला छाती तिरकी द्यावी, म्हणजे तो वाऱ्याला खाली लोटतो आणि वारा त्याला वर उचलतो. शेपटीमुळे त्याचे डोके ठिकाणावर राहते. (हे वाक्य म्हणताना तिने माझ्याकडे का पाहिले, कळले नाही.) आणि दोर ओढून धरतो, म्हणूनच तो वाऱ्यापुढे टिकतो, नाहीतर वाहून जाईल.

पतंग चढला. बोटाला जाणवणाऱ्या त्या ताणात जी प्रसन्नता होती, ती मला जपातही क्वचित लाभली आहे. तेवढ्यात हिने शांतपणे कात्री पुढे केली. सत्यासाठी मी दोर कापला. पतंग डुलक्या घेणाऱ्या श्रोत्यासारखा झुलत झुलत गेला आणि परब्रह्माऐवजी शेजारच्या दंतवैद्यांच्या पाण्याच्या टाकीवर विसावला.

ही हसली नाही. "दुसरा करू या का?" एवढेच म्हणाली. तो आम्ही दिवेलागणीपर्यंत उडवला. पाठ दुखत होती, पण उतरावेसे वाटले नाही.

आपला स्नेहांकित,
प्रवचनकार

ता. क. : बाहेरच्या फलकावर आपण 'दोर तोडा' असे रंगवून घेतले आहे. ते कृपया 'दोर धरा' असे करून घ्यावे. हे नवे तत्त्व मला दीर्घ चिंतनातून गवसले, असे प्रास्ताविकात सांगावे.

दुसरा ता. क. : व्याख्यानानंतर श्रोत्यांना, विशेषतः वक्त्याच्या घरच्यांना, शंका विचारण्याची मुभा नसावी.

तिसरा ता. क. : वरील ओळ खोडलेली दिसेल. ती मी खोडलेली नाही. पहिल्या रांगेतील मधली खुर्ची राखून ठेवावी.